कोरी घ्यायला जाताना

आमच्या डोंबिवलीच्या घरी हॉलमध्ये माशांची दोन फुटी टाकी आहे, साधारण ७० लिटरची. तिच्या तळाला सहा स्टर्बाय कोरी फिरतात. कोरी म्हणजे कोरीडोरास, तळाशी राहणारा छोटा कॅटफिश, आणि स्टर्बाय ही तिची एक जात. काळपट अंगावर पांढरे ठिपके आणि छातीच्या पंखांना नारिंगी काठ. बिल्डिंगमधलं कुणी ना कुणी येऊन विचारतंच, “तो खालचा कचरा खाणारा मिशीवाला मासा कुठून आणलास? आम्हालाही एक हवाय.”

त्यांना मी आधी खाली बसवते. कोरी कचरा खात नाही. बाकीच्या माशांचं खाली पडलेलं खाणं ती वेचते, पण तेवढ्यावर तिचं पोट भरत नाही. तिला तळाला बुडणाऱ्या गोळ्या वेगळ्या घालाव्या लागतात. आणि ‘एक’ कोरी घ्यायचीच नाही. हा घोळक्याने राहणारा मासा आहे. एकटी कोरी कोपरा धरून बसते. घ्यायच्या तर एकाच जातीच्या निदान सहा घ्या. दोन या जातीच्या नि दोन त्या जातीच्या, असा मेळ बसत नाही.

दुकानात नुसतं ‘कॅटफिश’ म्हणालात तर समोर काहीही येईल. ‘शार्क’ म्हणून बोटाएवढा चंदेरी मासा दाखवतात, तो पंगस असतो आणि मीटरभराच्या वर वाढतो. रेडटेल कॅटफिशचंही तेच. ‘सकर’ काच चाटतो म्हणून लोक हौसेने नेतात. तो फूट-दीड फुटाचा झाला की टाकीत मावत नाही, मग कुणीतरी त्याला तलावात सोडून येतं. आपल्या नद्या-तलावांत हा परका मासा असाच पसरलाय. मला याचा खरोखर राग येतो. म्हणून नाव विचारा, तिथेच मोबाईलवर पूर्ण वाढीचा आकार बघा, मगच पुढे बोला. काच साफ ठेवणाराच मासा हवा असेल तर ब्रिसलनोज मागा, तो चार-पाच इंचांवर थांबतो.

कोरींमध्येही आपल्याकडच्या उन्हाळ्याचा विचार करावा लागतो. मे महिन्यात माझ्या टाकीचं पाणी ३० अंशांवर जातं. पेपर्ड आणि पांडा या जातींना थंड पाणी मानवतं, आपल्याकडच्या मे महिन्यात त्यांचे हाल होतात. स्टर्बायला ऊब चालते, म्हणून मी तिच्यावर आले. स्टर्बाय महाग वाटली तर ब्राँझ घ्या. ती चिवट असते. गुलाबी डोळ्यांची पांढरी कोरी मिळते, ती बहुतेक वेळा ब्राँझचीच अल्बिनो असते.

मी कुर्ल्याला किंवा क्रॉफर्ड मार्केटला जाते, आणि गेल्या गेल्या पिशवी भरून घेत नाही. माल कधी आला ते आधी विचारते. काल आला असेल तर आठवड्याने परत जाते. प्रवासाने खचलेले मासे बहुधा पहिल्या आठवड्यातच मरतात, ते आपल्या घरी मरायला नकोत.

मग टाकीसमोर उकिडवं बसायचं. वरून बघून कोरी कळत नाही. सगळ्यात आधी मिशा बघा. चांगल्या कोरीच्या मिशा लांब असतात आणि सतत हलत असतात. घाण तळावर राहिलेल्या कोरीच्या मिशा झिजून तोंडाशी नुसते खुंट उरतात. त्यानंतर पोट. ती काचेला टेकली की खालून दिसतं. पोट भरलेलं, गोलसर हवं. आत गेलेलं नको, लाल चट्टे तर अजिबात नकोत. पाठीचा पंख ताठ उभा हवा. मधूनच एखादी सुसाट वर जाऊन हवेचा घोट घेते, त्याला घाबरू नका, ती आतड्यातूनही हवा शोषते. सगळ्याच सारख्या वर-खाली करत असतील तर मात्र त्या टाकीच्या पाण्यात काहीतरी बिघडलंय. शेवटी दुकानदाराला चिमूटभर खाणं टाकायला सांगा. न खाणारी कोरी मी घेत नाही.

हे सगळं मी सुरुवातीला केलं नव्हतं. एका दुकानातून चार अल्बिनो आणल्या. पोटं आत गेलेली दिसत होती, पण ‘घरी खातील’ यावर विश्वास ठेवला. नवव्या दिवशी शेवटची गेली. मला फार वाईट वाटलं, कारण ती पोटं मी स्वतः पाहिली होती.

कोरीच्या पंखांना टोकदार काटे असतात आणि घाबरली की ती ते ताठ रोवते. जाळीत काटा अडकला तर ओढू देऊ नका, जाळी पाण्यात धरून तिला सुटू द्या. पिशव्या एकात एक दोन घ्यायच्या, नाहीतर काट्याने भोक पडतं. मी थर्माकोलचा डबा नेते आणि दुपारची, कमी गर्दीची स्लो लोकल धरते.

घरी आल्यावर थेट मोठ्या टाकीत सोडू नका. माझ्याकडे २० लिटरचा टब आहे. त्यातला स्पंज फिल्टर आधी महिनाभर मोठ्या टाकीत चालवून घेतलेला असतो. पिशवी वीस मिनिटं टबात तरंगू द्या, मग दर पाच मिनिटांनी वाटीभर टबातलं पाणी तिच्यात घाला. अर्ध्या-पाऊण तासाने मासे जाळीने उचला, दुकानाचं पाणी मोरीत ओता. टबात निदान तीन आठवडे ठेवा. दिवसाआड थोडं पाणी बदला आणि नव्या पाण्यात अँटी-क्लोरीन न चुकता टाका. दुकानात खडे मीठ टाकायला सांगतात, मी कोरीसाठी टाकत नाही.

तेवढ्या दिवसांत मोठ्या टाकीचा तळ बघून घ्या. धारदार खडी असेल तर काढा, बारीक गोल कणांची वाळू घाला. कोरी वाळूत डोळ्यांपर्यंत तोंड खुपसते आणि चाळलेली वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडते. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा मी हातातला चहा विसरले होते.

सोडायच्या दिवशी दिवा बंद ठेवा. पहिला आठवडाभर रात्री दिवा मालवल्यावरच दोन-तीन गोळ्या टाका, म्हणजे वरचे मासे त्या पळवत नाहीत. सकाळी उरलेली गोळी दिसली तर नळीने ओढून काढा आणि त्या रात्री एक कमी टाका.