छापील किंमत की चढा भाव: कॉमिक्स शॉपमध्ये नव्याने काम करणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या कॉमिक्स शॉपमध्ये काम धरताना पात्रं, लेखक, चित्रकार यांची माहिती थोडी कमी असली तरी चालतं. ती काउंटरवर उभं राहून आपोआप होते. आधी शिकायचा तो मालाचा हिशेब, कारण इथला बहुतेक माल परत जात नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या फिल स्यूलिंग यांनी प्रकाशकांशी थेट व्यवहार ठरवला: दुकानदाराला सवलत जास्त मिळेल, पण न खपलेले अंक परत घेतले जाणार नाहीत. त्याआधी कॉमिक्स मासिकांच्या स्टॉलवर विकली जायची आणि उरलेला गठ्ठा परत जायचा. स्यूलिंग यांच्या त्या व्यवहारातून डायरेक्ट मार्केट उभं राहिलं आणि आजही कॉमिक्सची दुकानं त्यावरच चालतात. अंक छापील किमतीच्या साधारण निम्म्या भावात मिळतो, आणि पडून राहिला तर तो तुमच्याच गळ्यात.

शिवाय ऑर्डर द्यायची असते ती अंक बघायच्या आधी. फायनल ऑर्डर कटऑफ, म्हणजे ऑर्डर पक्की करायचा शेवटचा दिवस (दुकानात सगळे त्याला एफओसी म्हणतात), विक्रीच्या दिवसाच्या साधारण तीन आठवडे आधी येतो. मुखपृष्ठ आणि जाहिरातीच्या चार ओळी एवढ्यावरून ठरवायचं, वीस प्रती घ्यायच्या की साठ. अंदाज चुकला तर एक तर रॅक रिकामा, नाहीतर मागच्या खोलीत खोक्यांवर खोकी.

या अंदाजाला आधार एकच, पुल लिस्ट. नेहमीचं गिऱ्हाईक सांगून ठेवतं की मला अमुक अमुक मालिका दर महिन्याला हव्यात. दर बुधवारी नवे अंक आले की आपण ते त्याच्या नावाच्या कप्प्यात काढून ठेवायचे. बऱ्याच दुकानांत त्यावर दहा-वीस टक्के सूटही असते. एखाद्या मालिकेसाठी बावीस नावं असतील तर बावीस प्रती विकल्यात जमा. तेविसाव्या प्रतीपासून सट्टा सुरू होतो.

एखादा अंक अचानक तापला, म्हणजे त्यात नवं पात्र पहिल्यांदा आलं, सिनेमाची बातमी फुटली किंवा प्रकाशकाकडचा साठा संपला, की या बावीस प्रतींवर सगळ्यांची नजर जाते. अशाच एका बुधवारी दुकान उघडायच्या आधीपासून एक जण दाराशी उभा होता. आत येताच त्याने फोन पुढे केला. पाच डॉलरचा अंक ईबेवर चाळीसला चालला होता. रॅकवर एक प्रत होती, ती त्याने घेतली. मग काउंटरमागच्या कप्प्यांकडे बोट दाखवून म्हणाला, त्यातल्या सगळ्या द्या, प्रत्येकी वीस देतो, रोख. प्रत्येक प्रतीच्या पिशवीवर पेन्सिलीने लिहिलेलं आडनाव होतं. मी नाही म्हटलं. तो चिडला नाही, दुसऱ्या दुकानाकडे निघून गेला. त्यातली एक प्रत ज्या बाईंची होती त्या पगाराच्या शुक्रवारीच यायच्या, म्हणजे आणखी नऊ दिवसांनी. त्या आल्या, नेहमीप्रमाणे प्रत दिव्याखाली तिरकी धरून कण्याचे कोपरे तपासले आणि छापील किमतीतून सूट वजा करून पैसे दिले. त्यांना तो अंक वाचायचा होता, बाकी बाजारात काय चाललंय याच्याशी त्यांचा संबंध नव्हता.

नवीन माणसाला इथे हमखास वाटतं की आपण हातचा नफा सोडला. म्हणून आकडे मांडून बघा. आठवड्याला चार डॉलरचे चार अंक घेणारं गिऱ्हाईक वर्षाला ८३२ डॉलरचा माल उचलतं. दहा टक्के सूट आणि मालाची निम्मी किंमत वजा केली तरी तीनशेच्या वर डॉलर उरतात, तेही आधी ठरलेले. उलट चाळीसला विकलेल्या त्या एका प्रतीतून साइटचं कमिशन, टपाल, पुठ्ठा आणि अंकाची खरेदी वजा जाता पंचवीसेक डॉलर सुटतील, आणि तेही एकदाच. एक बांधलेलं गिऱ्हाईक दुखावून गेलं तर ती खोट भरून काढायला वर्षात असे डझनभर तरी तापलेले अंक मिळायला हवेत, आणि ते सगळे तुमच्याच कप्प्यात निघायला हवेत. पुन्हा, तो माणूस गेला की पुढच्या एफओसीला तुमची बावीसची एकवीस होते. हे नुकसान गल्ल्यात दिसत नाही, म्हणून लक्षातही येत नाही.

नव्वदच्या दशकात अख्ख्या धंद्याने हा धडा फार महागात घेतला. १९९१ मध्ये ‘एक्स-मेन’चा पहिला अंक पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह आला आणि दुकानांनी त्याच्या ऐंशी लाखांच्या आसपास प्रती उचलल्या. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या सीलबंद पिशवीत, आत दंडाला बांधायच्या काळ्या पट्टीसह आला. लोकांनी एक वाचायला आणि चार तिजोरीत ठेवायला घेतले. पण जो अंक लाखो लोक जपून ठेवतात तो दुर्मीळ होणार तरी कसा? गुंतवणूक म्हणून आलेली गर्दी ओसरली तेव्हा दुकानांकडे परत न जाणारा माल साचला होता. शेकडो दुकानं बंद पडली आणि डिसेंबर १९९६ मध्ये खुद्द मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला.

आणि बांधलेली गिऱ्हाइकं म्हणजे काय, हे मला २०२० ने दाखवलं. एप्रिलच्या सुरुवातीला डायमंड या तेव्हाच्या सर्वांत मोठ्या वितरकाने नवे अंक पाठवणं थांबवलं, ते मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात पुन्हा सुरू झालं. दुकानाला कुलूप आणि भाडं चालू. त्या काळात आमच्याकडे फोन आले ते पुल लिस्टवरच्या माणसांचे. कुणी गिफ्ट कार्ड घेतली, कुणी कप्प्यातल्या अंकांचे पैसे आधीच भरले, कुणी जाडजूड संग्रह मागवून घेतले.

तरीही पुनर्विक्री करणाऱ्याला शत्रू समजू नका. त्याचे पैसे तेवढेच खरे आहेत आणि कधीकधी बाजाराची चाहूल त्याला आपल्याआधी लागते. मी काम केलं तिथला नियम मला अजूनही सर्वांत न्याय्य वाटतो: एफओसीच्या आधी पैसे भरून हव्या तेवढ्या प्रती मागा, दहा मागा, पन्नास मागा, विक्रीच्या दिवशी मात्र माणशी एकच. आधी मागितलं तर जोखीम त्याची आणि नफाही त्याचा. जोखीम दुकानाने घ्यायची आणि वाचकाची प्रत त्याने उचलायची, हे काही चालणार नाही.

चढा भाव लावायला मोकळी जागा बरीच आहे. जुने अंक, म्हणजे बॅक इश्यू, बाजारभावानेच विकावेत. तिथे दुकानाने जोखीम घेऊन माल जपलेला असतो. सीजीसी या अंक तपासणाऱ्या कंपनीकडून दर्जा ठरवून प्लॅस्टिकच्या डबीत बंद झालेला, दहापैकी ९.८ चा अंक तर संग्राहकासाठीच असतो. साध्या मुखपृष्ठाच्या पंचवीस किंवा पन्नास प्रती घेतल्यावर मिळणारं खास मुखपृष्ठ, म्हणजे रेशो व्हेरिएंट, छापील किमतीला विकलं तर जास्तीच्या प्रतींचे पैसे निघत नाहीत. त्यावर भाव लावा, फक्त पहिली विचारणा त्या मालिकेच्या नेहमीच्या वाचकांकडे करा. नवा अंक मात्र पहिल्या आठवड्यात छापील किमतीलाच विकायचा. त्याला अपवाद करू नये असं माझं ठाम मत आहे. रॅकवरच्या अंकावर बुधवारी दुपारी नवा स्टिकर लागलेला बघितला की नेहमीचा माणूस काही बोलत नाही, पुढच्या महिन्यापासून यायचा कमी होतो.

निष्ठा गिऱ्हाइकाकडूनही हवी, हे सांगायला संकोच करू नका. मालिका लिहून ठेवायच्या आणि चार-चार महिने फिरकायचं नाही, असे लोक प्रत्येक दुकानात असतात. तो सगळा माल आपण विकत घेतलेला असतो. सहा आठवडे झाले की फोन करा, आठ झाले की नवे अंक काढणं थांबवा, त्यानंतर कप्पा मोकळा करून अंक रॅकवर ठेवा. हे नाव नोंदवतानाच सांगा आणि कागदावर सही घ्या. फोन करताना सूर वसुलीचा नको. नोकरी गेलेली असते, घरात आजारपण असतं. तेव्हा यादी दोन मालिकांवर आणून देऊ का, असं विचारलं तर बहुतेक लोक हो म्हणतात.

मुलाखतीला जाल तेव्हा मालकाला विचारा की तापलेल्या अंकाचं बुधवारी काय करता, आणि नजर काउंटरमागच्या कप्प्यांवर असू द्या. नावं ताजी आहेत का, अंक व्यवस्थित उभे आहेत का, कप्पे वरचेवर रिकामे होतात का, हे दोन मिनिटांत कळतं. पहिल्या महिन्यात तुम्ही स्वतः एकच करा: प्रत्येक नावाला चेहरा जोडा आणि कोण कुठल्या वारी येतो ते लिहून ठेवा. एफओसीच्या दिवशी मालक आकडा भरायला बसेल तेव्हा ती वही त्याच्याजवळ असू द्या.