घरपट्टीच्या थकबाकीवर हरकत : दाद कोठे मिळते आणि कोठे मिळत नाही

सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या घरपट्टीच्या बिलात अनपेक्षित थकबाकी निघाली, तर वाद नोंदीचा आहे की आकारणीचा, हे आधी ठरवावे. भरलेली रक्कम खात्यावर न चढणे किंवा एकाच घराला दोन मालमत्ता क्रमांक पडणे या नोंदीच्या चुका होत; त्यासाठी घरपट्टी विभागातून खातेउतारा मागून घ्यावा, जुन्या पावतीवरचा मालमत्ता क्रमांक बिलाशी अंकन्‌अंक ताडून पाहावा आणि ‘मागील बाकी’ व ‘शास्ती’ (उशिराबद्दलचा दंड) हे रकाने स्वतंत्रपणे तपासावेत. मागील मालकाची बाकी नव्या मालकाच्या बिलात येणे ही मात्र चूक नव्हे, कारण घरपट्टीचा बोजा मालमत्तेवरच असतो. 2019 च्या महापुरानंतर सांगलीच्या गावभागात ज्यांनी जुनी घरे उतरवली, त्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की घर पाडल्याची लेखी सूचना महापालिकेला दिली नसेल तर आकारणी पुढे चालूच राहते.

वाद आकारणीचा असेल, म्हणजे करयोग्य मूल्य (ज्या मूल्यावर कर बसवला जातो ते) किंवा क्षेत्रफळच मान्य नसेल, तर आकारणीच्या नोटिशीत दिलेल्या मुदतीत आयुक्तांच्या नावे लेखी हरकत द्यावी आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा. तोंडी सांगून, अथवा नगरसेवकांकडून फोन करवून, कायद्याच्या लेखी काहीही घडत नाही. हरकतीचा निकाल विरुद्ध गेला तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, 1949 च्या कलम 406 प्रमाणे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे, म्हणजे सांगलीतील विजयनगरच्या न्यायालयात, अपील करता येते. परंतु ते 15 दिवसांत करावे लागते आणि बिलात मागितलेली रक्कम आधी महापालिकेकडे भरावी लागते. ही अट जाचक आहे, पण ती टाळून अपील उभे राहत नाही.

बहुतेकांचे नुकसान येथेच होते, कारण हे 15 दिवस ते दुसऱ्याच दारी घालवतात. ‘आपले सरकार’ या शासकीय पोर्टलवर तक्रार नोंदवली, अधिकाऱ्यांनी नागरिकांच्या तक्रारी ऐकण्याच्या लोकशाही दिनात अर्ज दिला, तरी अपिलाची मुदत थांबत नाही आणि दरमहा 2 टक्के शास्तीही चढतच राहते, शिवाय न्यायप्रविष्ट प्रकरण लोकशाही दिनात घेतले जात नाही. लोकायुक्त शिफारस करतात, बिल रद्द करीत नाहीत, आणि न्यायालयाचा मार्ग खुला असताना सहसा त्यात पडत नाहीत. ग्राहक आयोगाचा येथे उपयोग नाही, कारण कर हा सेवेचा मोबदला ठरत नाही. माहिती अधिकाराच्या 10 रुपयांच्या अर्जाने मोजणीचा तक्ता हाती येतो आणि तो अपिलात उपयोगी पडतो. आकारणी मात्र त्याने बदलत नाही. महापालिकेकडे दिलेल्या अर्जाचे उत्तर अवाजवी लांबले किंवा दप्तर सापडत नाही असे सांगण्यात आले, तर अशा दिरंगाईविरुद्ध मात्र ‘आपले सरकार’, लोकशाही दिन किंवा लोकायुक्त यांच्याकडे जरूर जावे.

लोकअदालतीची नोटीस आल्यास तेथे शास्तीत सवलत मिळू शकते. पण तडजोडीवर सही केल्यानंतर त्या निवाड्याविरुद्ध अपील नाही, म्हणून मूळ आकारणीच अमान्य असेल तर सही करू नये. मागणीची नोटीस येऊन गेली असेल तर जप्तीचे वॉरंट निघण्याची वाट न पाहता, ‘हरकत राखून भरणा’ असे पत्र देऊन रक्कम भरावी आणि त्या पत्राची पोच पावतीसोबत जपून ठेवावी.