आधी सिंग्युलॅरिटी, मग सिरीज

एमएस्सीला कॉम्प्लेक्स अॅनालिसिसचा पेपर लागला की बरेच जण समजतात, रिअल अॅनालिसिसच पुन्हा, फक्त एक्सच्या जागी झेड. सुरुवातीला तसं वाटतंही. कॉशी-रीमान समीकरणं येतात, पार्शल डेरिव्हेटिव्ह काढून ताडून बघायचे, काम फत्ते. मग फळ्यावर एक प्रमेय येतं: फंक्शन एखाद्या ओपन सेटवर एकदा डिफरन्शिएबल असलं की तिथे ते कितीही वेळा डिफरन्शिएबल असतं, आणि त्यातल्या प्रत्येक बिंदूभोवती त्याची टेलर सिरीज त्याच फंक्शनला कन्व्हर्ज होते. वर्ग हे निमूटपणे वहीत उतरवून घेतो. मी हा विषय शिकवतो, आणि दरवेळी वाटतं, इथे पोरांनी थोडं दचकायला हवं.

‘ओपन सेटवर’ हे शब्द शोभेचे नाहीत, हे जाता जाता सांगतो. मॉड झेडचा वर्ग शून्यावर डिफरन्शिएबल आहे, बाकी कुठेच नाही. म्हणून तो अॅनालिटिक (म्हणजे बिंदूवर आणि त्याच्या आसपासही डिफरन्शिएबल) कुठेच नाही, अगदी शून्यावरही नाही. सेट-नेटच्या तयारीत हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत भेटतो.

आता दचकायचं कशासाठी? रिअल अॅनालिसिसमधलं एक फंक्शन घ्या: ई चा घात −१/एक्सवर्ग, आणि शून्यावर किंमत शून्य. हे अनंत वेळा डिफरन्शिएबल आहे, शून्यावरचे सगळे डेरिव्हेटिव्ह शून्य. म्हणजे टेलर सिरीज निव्वळ शून्य, आणि फंक्शन मात्र मूळबिंदू सोडला तर कुठेही शून्य नाही. रिअल रेषेवर कितीही बारकाईने पाहिलं तरी यात गैर काही दिसत नाही. एक्सच्या जागी आय-वाय घालून बघा. घात +१/वायवर्ग होतो आणि वाय शून्याकडे गेला की फंक्शन अनंताकडे सुटतं. शून्यावर इसेन्शियल सिंग्युलॅरिटी (फंक्शन जिथे अॅनालिटिक राहत नाही असा बिंदू, आणि तोही दिशेगणिक वेगळं वागवणारा) ठाण मांडून बसली आहे, रिअल अक्षावरून येणाऱ्याला ती कळत नाही इतकंच.

१/(१+एक्सवर्ग) चंही तेच. आलेख गुळगुळीत, कुठे तुटत नाही, तरी शून्याभोवतीची सिरीज १ च्या पुढे चालत नाही. कारण आय आणि उणे आय वर पोल आहेत, म्हणजे तिथे छेद शून्य होऊन फंक्शन अनंताकडे जातं. केंद्र १ वर नेलं तर रेडिअस (सिरीज चालते ते अंतर, जवळच्या सिंग्युलॅरिटीपर्यंतचं) २ चं वर्गमूळ होतो, कारण १ पासून आय तेवढ्याच अंतरावर आहे. एकही सहगुणक काढावा लागला नाही! झेड/(ईचा झेड घात − १) घ्या. शून्यावरची अडचण रिमूव्हेबल आहे, तिथे योग्य किंमत दिली की मिटते. छेद पुढचा शून्य होतो तो ±२पाय-आय वर, म्हणून रेडिअस २पाय. रेशो टेस्टने हे काढायला बसलात तर बर्नूली संख्यांच्या जंगलात शिराल. म्हणून माझा नवख्यांना एकच आग्रह असतो: सिरीज लिहिण्याआधी प्रतल काढा, केंद्र मांडा, सिंग्युलॅरिटींवर फुल्या मारा.

लॉरेंट सिरीजमध्ये, म्हणजे ऋण घातही चालणाऱ्या सिरीजमध्ये, हा आग्रह खरा कामाला येतो. ही सिरीज ज्यांच्या नावाने ओळखतो ते फ्रेंच लष्करी अभियंता होते. त्यांचा निबंध पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या स्पर्धेसाठी मुदत उलटल्यावर पोचला, आणि १८४३ मध्ये कॉशीने चांगलं मत देऊनही त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. परीक्षेच्या फॉर्मची तारीख हुकलेल्यांना तेवढाच दिलासा.

१/((झेड−१)(झेड−२)) हे नेहमीचं उदाहरण. पार्शल फ्रॅक्शनने ते १/(झेड−२) − १/(झेड−१) होतं. केंद्र शून्य ठेवलं तर सिरीज एक नाही, तीन: मॉड झेड १ पेक्षा कमी, १ ते २ च्या मधलं कडं, आणि २ च्या बाहेर. मधल्या कड्यात पहिलं पद झेड/२ च्या घातांत उलगडायचं, दुसरं १/झेडच्या. तिथे १/झेडचा सहगुणक −१ येतो, आणि मुलं लगेच लिहितात, ‘शून्यावर रेसिड्यू −१’. रेसिड्यू म्हणजे सिंग्युलॅरिटीभोवतीच्या सिरीजमधला −१ घाताचा सहगुणक. अहो, शून्यावर फंक्शन धडधाकट आहे, रेसिड्यू असणार कुठून? तो −१ आहे झेड = १ वरच्या पोलचा, कारण कड्यातलं वर्तुळ त्याला वेढतं. २ च्या बाहेर गेलात की झेड = २ चा +१ त्यात मिळतो आणि १/झेडचा सहगुणक शून्य होतो. रेसिड्यू वाचायचा तो त्या बिंदूलाच केंद्र धरून, त्याच्या लगतच्या कड्यातल्या सिरीजवरून.

आयडेंटिटी थिअरम (एका बिंदूकडे गोळा होणाऱ्या बिंदूंवर अॅनालिटिक फंक्शन शून्य असेल तर ते सगळीकडे शून्य) लावतानाही फुली कुठे आहे ते पाहावं लागतं. साइन(पाय/झेड) सगळ्या १/एन बिंदूंवर शून्य होतं, तरी ते शून्य फंक्शन नाही. कारण १/एन ज्या शून्याकडे जातात तिथे ते अॅनालिटिकच नाही. लिमिट पॉइंट डोमेनच्या आत हवा, ही अट विसरलात की उत्तर उलटं येतं.

शेवटी एक गणित देतो, ज्यात फुलीसुद्धा विचार करून मारावी लागते. लॉग झेडची प्रिन्सिपल ब्रँच (आर्ग्युमेंट, म्हणजे झेडचा कोन, −पाय ते पाय मधला) घ्या, केंद्र −२+आय. ब्रँच कट, म्हणजे हा कोन जिथे उडी मारतो ती रेषा, ऋण रिअल अक्षावर, म्हणजे केंद्रापासून १ अंतरावर. रेडिअस १ का? नाही, ५ चं वर्गमूळ. कट आपण आखलेला आहे, सिंग्युलॅरिटी फक्त शून्यावर आहे. सिरीज कट ओलांडून खुशाल पलीकडे जाते, मात्र अक्षाखाली ती लॉग झेड देत नाही, लॉग झेड + २पाय-आय देते. का ते आर्ग्युमेंट मोजून स्वतः बघा.