मुलांशी वंशभेदाविषयी बोलताना: ख्रिस्ती पालकांसाठी

पुण्यातल्या एखाद्या मंडळीत रविवारची उपासना चालू असताना, पुढच्या बाकावरच्या नागा तरुणीकडे पाहून सात वर्षांचा मुलगा आईच्या कानात विचारतो, "ही चिनी आहे का गं?" आई त्याला डोळ्यांनीच गप्प करते. त्यामागे संकोच असतो, दुष्टपणा नसतो. पण मुलाला एवढेच कळते की या विषयावर बोलायचे नाही. म्हणून घरी पोहोचल्यावर तो प्रश्न आपणच पुन्हा काढावा. नकाशावर नागालँड आणि मिझोराम दाखवावेत, आणि २०११ च्या जनगणनेनुसार या दोन्ही राज्यांत ८७ टक्क्यांहून अधिक लोक ख्रिस्ती आहेत हे सांगावे. ती खरोखर चीनची असती तरी तिला चिडवणे पापच ठरले असते, हेही लगेच जोडावे. नाहीतर मूल एवढेच शिकते की आपल्यातल्यांना तेवढे दुखवू नये.

"आपण सगळी देवाची लेकरे" हे वाक्य मुलांना पाठ असते, आणि पाठ असल्यामुळेच ते मनाला भिडत नाही. त्याऐवजी पेत्राची गोष्ट वाचावी. कर्नेल्य या यहूदी नसलेल्या रोमी शताधिपतीच्या घरी, देव पक्षपाती नाही, हे पेत्राला उमगले होते (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १०). तरीही पुढे अंत्युखियात, यरुशलेमेहून काही माणसे येताच, परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, एका पंगतीला जेवणारा तोच पेत्र त्या आलेल्या माणसांच्या भीतीने मागे सरला, आणि पौलाने त्याला सर्वांसमोर बोल लावला (गलतीकरांस पत्र, अध्याय २). येथे थांबून विचारावे: "पेत्र कोणाला घाबरला? तू कधी असा मागे सरला आहेस का?" उत्तराची घाई करू नये. शाळेच्या बसमध्ये कोणाला काय म्हणून हाक मारतात आणि आपणही त्यात कसे हसलो, हे मूल बहुधा अशाच शांततेत सांगते. तेव्हा रागावू नये. प्रेषितालाही चूक सुधारावी लागली, हे त्याला नुकतेच कळलेले असते.

मोठ्या मुलांपासून वास्तव लपवू नये. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचल प्रदेशातील एका विद्यार्थ्याला दिसण्यावरून हिणवले गेले, त्यातून मारहाण झाली आणि त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर ईशान्येकडील राज्यांतून इतरत्र राहायला आलेल्या लोकांच्या अडचणी पाहण्यासाठी केंद्र सरकारला बेझबरुआ समिती नेमावी लागली.

सर्वांत अवघड भाग पालकांचा स्वतःचा आहे. "सावळी असली तरी नाकीडोळी नीटस" असे आपण मुलांदेखत बोलतो, आणि सोयरीक जमवताना धर्मांतरापूर्वीची जात हळूच विचारतो. असे बोलून गेल्यावर संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत, मुलांच्या समोरच, ते वाक्य नेमके उच्चारून त्याबद्दल क्षमा मागावी. माझ्या मते दहा वचने पाठ करून घेण्यापेक्षा याचा परिणाम खोल होतो.

त्या तरुणीला घरी जेवायला अवश्य बोलवावे, मात्र तिचे कटू अनुभव मुलांना ऐकवण्यासाठी नव्हे. मुलाने तिचे नाव विचारावे, ते नीट उच्चारता येईपर्यंत तिच्याकडून दुरुस्त करून घ्यावे, आणि मग पाने वाढावीत.