खान्देशच्या उन्हात घर पर्यावरणपूरक कसं चालवायचं

पर्यावरणपूरक राहणीच्या बहुतेक सूचना दमट हवेची शहरं डोळ्यांसमोर ठेवून दिलेल्या असतात. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि हवा कोरडी असते. त्यामुळे काही सूचना इथे फसतात, तर काही कामं ऊन फुकटात करून देतं.

सगळ्यात मोठी बचत कूलरची. दीड टनाचा एसी सुमारे दीड हजार वॅट ओढतो, घरगुती कूलर दोनशेच्या आसपास. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं, म्हणून एप्रिल-मेमध्ये तो चांगला गारवा देतो. मात्र तो खिडकीबाहेर लावा आणि समोरचं दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवा. खोली बंद केली की दमट हवेला वाट मिळत नाही, अंग चिकचिकतं आणि लोक कूलरलाच नावं ठेवतात. बोअरच्या जड पाण्याने पॅडवर पांढरे थर बसून हवा अडते. गवताचे पॅड दर हंगामाला बदला. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा आणि पूर्ण सुकवा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. काढलेल्या पाण्यात क्षार साठलेले असतात, म्हणून ते कुंड्यांना न घालता संडास धुवायला वापरा. पाऊस लागला की हवा ओली होते, मग कूलरचा उपयोग नाही, पंखा पुरे.

वर्षाचा गहू भरताना पारदाच्या टिकड्या नकोत, आणि विषारी वायू सोडणाऱ्या कीडनाशक गोळ्या तर घरात अजिबात नकोत, त्या जीवघेण्या आहेत. गच्चीवर दोन-तीन इंचांच्या थरात दोन-तीन दिवस कडक ऊन द्या, अधूनमधून हात फिरवा. संध्याकाळी गरम गहू लगेच कोठीत भरायची घाई करू नका: आत घाम सुटतो आणि बुरशी धरते. रात्रभर गार होऊ द्या, मग सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला मध्ये घालत भरा. डाळींना किलोमागे चमचाभर एरंडेल चोळा. तांदूळ उन्हात घालू नका, तडकतो.

ओल्या कचऱ्याचं खत करताना इथली अडचण उलटी असते. उन्हाळ्यात बादलीतला कचरा सडत नाही, वाळतो, आणि वाळला की कुजणं थांबतं. तळाशी आणि बाजूंना भोकं पाडलेली २० लिटरची बादली घ्या, तळाला नारळाच्या शेंड्या घाला. भाजीचे देठ, केळीची बारीक चिरलेली सालं यांवर दुप्पट सुका पाला किंवा लाकडाचा भुसा टाका. मूठभर माल दाबला की हाताला ओल लागली पाहिजे, धार नको. मेमध्ये एक दिवसाआड पाणी शिंपडा, बादली सावलीत ठेवा. पावसाळ्यात वास आला तर पाणी जास्त आणि हवा कमी असं समजा. सुका पाला वाढवून माल उलथा. शेवभाजीची तर्री, तळणीचं तेल त्यात घालू नका. दोन-तीन महिन्यांत खत होतं.

बाजारासाठी नवी सुती पिशवी विकत घेऊ नका. कापसाला पाणी लागतं, हे कपाशीच्या मुलखात कुणाला सांगायला नको. जुन्या चादरीची शिवा. दुकानातली कापडासारखी दिसणारी रंगीत पिशवी बहुधा प्लास्टिकचीच असते. १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगवर तर ३१ डिसेंबर २०२२ पासून देशभर बंदी आहे. लाकडी घाण्याचं तेल स्टीलच्या डब्यात आणा, डबा आधी कोरडा करा. ओल राहिली तर तेल खवट होतं.

हिवाळ्यात भरिताचा बेत असेल तर चकचकीत चंदेरी पत्रावळी आणू नका, त्यावरचा थर कुजत नाही. केळीची पानं जवळच्या मळ्यातून आदल्या दिवशी आणा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. देठाकडची जाड शीर तासली तर पान पाटावर नीट बसतं, फाटत नाही. जेवणं झाली की पानं तुकडे करून खताच्या बादलीत.