ड्रोनवरचा ४जी मोडेम जोडला जात नसेल तर दोष कसा शोधावा

कापूस-सोयाबीनच्या शिवारावर फिरणाऱ्या ड्रोनवर रास्पबेरी पाय हा छोटा संगणक, त्याला ४जी डोंगल आणि मोबाईल नेटवर्कवरून थेट लॅपटॉपवर टेलिमेट्री (उंची, वेग, बॅटरी अशी माहिती), अशी मांडणी करणारी मंडळी आता मराठवाड्यातही दिसतात. जोडणी तुटली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "रेंज नाही." बालाघाटच्या डोंगरात, पाटोदा-आष्टीकडच्या खोलगट भागात ते खरंही असतं. पण मोकळ्या रानात हातातल्या मोबाईलवर व्हिडिओ चालतोय आणि त्याच कंपनीचं सिम ड्रोनवर मुकं बसलंय, तर आधी टॉवरला दोष देऊ नका. खालून वर तपासत जा: वीज, सिम, नेटवर्क, आयपी पत्ता, टनेल (इंटरनेटवरून ड्रोन आणि लॅपटॉप जोडणारी खाजगी वाट) आणि सर्वांत शेवटी मॅव्हलिंक, म्हणजे ड्रोन आणि लॅपटॉप एकमेकांशी बोलतात ती भाषा. एका पायरीवर "हो" मिळाल्याशिवाय पुढची पायरी उघडायची नाही. एका वेळी तीन सेटिंगं बदलली तर ड्रोन चालू होईलही, पण बिघाड कशात होता ते कळणार नाही आणि तो पुन्हा रानातच गाठेल.

कामाला हात लावण्याआधी प्रॉपेलर काढून ठेवा. पुढचं सगळं टेबलावर होतं.

पहिली पायरी: वीज

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण विजेचा दोष हमखास रेंजच्या दोषाचं सोंग घेतो. टॉवर लांब असला की मोडेम पूर्ण ताकदीने सिग्नल फेकतो आणि त्या क्षणी त्याची विजेची ओढ एकदम वाढते. काही मोडेम क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतात. गावात टॉवरजवळ हे जाणवत नाही. दोन किलोमीटर आत आखाड्यावर गेलं की व्होल्टेज बसतं, डोंगल रीसेट होतं आणि आपण म्हणतो, इथे नेटवर्क नाही.

रास्पबेरी पायमध्ये ‘व्हीसीजेनसीएमडी’चा ‘गेट-थ्रॉटल्ड’ कमांड चालवा. उत्तरात नुसतं शून्य आलं तर वीज ठीक आहे. शेवटी ५ आकडा दिसला, उदाहरणार्थ ५०००५, तर या क्षणी व्होल्टेज कमी आहे. ५०००० दिसलं तर आत्ता ठीक आहे, पण चालू केल्यापासून मधे कधीतरी बसलं होतं. उड्डाणाहून परतल्यावर बॅटरी काढण्याआधी हा आकडा वाचायची सवय लावा, कारण बंद केल्यावर तो पुसला जातो.

रास्पबेरी पाय ५ वापरणाऱ्यांसाठी एक खास अडचण आहे. त्याला ५ अँपिअरचा पुरवठा ओळखता आला नाही तर तो सगळ्या यूएसबी पोर्टना मिळून फक्त ६०० मिलिअँपिअर देतो. ड्रोनवरचा बीईसी (बॅटरीचं व्होल्टेज ५ व्होल्टवर आणणारा भाग) ही ओळख देऊ शकत नाही. बीईसी खरोखर तेवढा भार पेलणारा असेल, तरच कॉन्फिग फाईलमध्ये यूएसबीचा कमाल करंट खुला करणारी ओळ घाला. नसेल तर मोडेमला स्वतंत्र ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा बीईसी द्या आणि दोन्हींचा ग्राउंड एक करा. केबल जाड आणि आखूड हवी. बारीक लांब केबलमध्येच अर्धा व्होल्ट हरवतो.

दुसरी पायरी: मोडेम दिसतो का, सिम वाचलं जातं का

‘एलएसयूएसबी’ने यादी पाहा. मोडेम दिसतच नसेल तर केबल, पोर्ट आणि पुन्हा वीज. काही डोंगल आधी पेनड्राइव्ह म्हणून उघडतात. त्यांना मोडेमच्या रूपात आणायला ‘यूएसबी मोडस्विच’ लागतो.

सिम आधी साध्या फोनमध्ये घाला. पॅक चालू आहे का, पिनचं कुलूप आहे का, डेटा उघडतो का, हे तिथे पाच मिनिटांत कळतं. मग ते मोडेममध्ये परत घालताना खाच नीट पाहा. नॅनो सिम ॲडॉप्टरमध्ये घालून वापरलं असेल तर उड्डाणातल्या थरथरीने ते केसभर सरकतं आणि टेबलावर ठेवलं की पुन्हा लागतं. त्याला टेप लावून पक्कं करा, शक्य असेल तर ॲडॉप्टर टाळाच.

पिक्सहॉक (ड्रोन उडवणारा फ्लाइट कंट्रोलर) यूएसबीने जोडला असेल तर आणखी एक खोड तपासा. लिनक्समधला ‘मोडेम मॅनेजर’ प्रत्येक सीरियल पोर्ट मोडेम आहे का ते चाचपतो आणि त्यात फ्लाइट कंट्रोलरच्या पोर्टलाही छेडतो. त्याला तो पोर्ट दुर्लक्षित करायला सांगणारा यूडेव्ह नियम (लिनक्स उपकरणं कशी हाताळतो ते ठरवणारी ओळ) लिहा, किंवा पिक्सहॉक त्याच्या टेलेम-२ या सीरियल पोर्टवरून जोडा. मला दुसरा मार्ग जास्त भरवशाचा वाटतो.

तिसरी पायरी: नेटवर्कवर नोंदणी

मोडेम मॅनेजरच्या ‘एमएमसीएलआय’मध्ये मोडेमची स्थिती वाचा, किंवा सीरियल खिडकीत एटी कमांडने सीईआरईजी, म्हणजे नोंदणीची स्थिती, विचारा. उत्तरातला दुसरा आकडा १ किंवा ५ असेल तर नोंदणी झाली. २ म्हणजे अजून शोधतोय. ३ म्हणजे नेटवर्कने नाकारलं, म्हणजे सिमची किंवा खात्याची अडचण; तिथे अँटेना बदलून उपयोग नाही.

शोधतच राहिला तर मोडेमच्या मॉडेल क्रमांकातलं शेवटचं अक्षर वाचा. ऑनलाईन स्वस्तात मिळालेले मोडेम पुष्कळदा अमेरिकेसाठी बनलेले असतात. क्वेक्टेलचा ईसी२५-ए किंवा सिमकॉमचा सिम७६००ए हा बँड २, ४, १२ वर चालतो. आपल्याकडे जिओ ३, ५ आणि ४० वर आहे. त्याच मोडेमचं ‘ई’ अक्षराचं रूप १, ३, ५, ८, ४० हे बँड घेतं. चुकीचा मोडेम कितीही सेटिंग केली तरी लागणार नाही. जिओला २जी-३जी नाही, त्यामुळे ४जी जमलं नाही तर खाली उतरायला जागाच उरत नाही. लांबच्या शिवारात ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झसारखे खालचे बँड जास्त दूर पोचतात, म्हणून मोडेममध्ये बँड ५ आणि ८ असणं फायद्याचं. लाईट बराच वेळ गेली आणि टॉवरचा बॅकअप संपला तर मात्र खरंच रेंज जाते. त्यासाठी दुसऱ्या कंपनीचं सिम खिशात ठेवा.

चौथी पायरी: आयपी आणि रस्ता

नोंदणी झाली पण डेटा नाही, तर एपीएन, म्हणजे कंपनीच्या डेटाच्या दाराचं नाव, पाहा: जिओसाठी ‘जिओनेट’, एअरटेलसाठी ‘एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम’, बीएसएनएलसाठी ‘बीएसएनएलनेट’. आयपीचा प्रकार व्ही४ आणि व्ही६ दोन्ही ठेवा.

मग वायफाय पूर्ण बंद करून पिंग करा. ही चाचणी टाळू नका. घरी रास्पबेरी पाय घरच्या वायफायला जोडलेला असतो, सगळी रहदारी तिथूनच जाते, आणि ४जीची चाचणी झाली असं वाटतं. रानात वायफाय नसतं आणि मोडेमचा खरा चेहरा तिथे दिसतो.

पाचवी पायरी: टनेल

मोबाईल कंपन्या साध्या सिमला सहसा सार्वजनिक आयपीव्ही४ पत्ता देत नाहीत. हजारो ग्राहक एकाच पत्त्यामागे असतात. मोडेमचा पत्ता १० ने किंवा १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर समजा तुम्ही त्यातच आहात. लॅपटॉप ड्रोनला थेट हाक मारू शकत नाही. दोघांनीही बाहेरच्या सर्व्हरकडे जायचं, नाहीतर टेलस्केल, झीरोटायर असं तयार टनेल वापरायचं. टनेलसाठी वायरगार्ड असेल तर ड्रोनच्या बाजूला ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद ठेवा, नाहीतर शांत राहिलेली वाट मधेच बंद होते.

पिंग जातो, टेलिमेट्री येते, पण व्हिडिओ सुरू होताच सगळं गोठतं, तर एमटीयू (एका पाकिटातून जाणाऱ्या डेटाची कमाल मर्यादा) १२८० करून पाहा.

वायरगार्डचा एक दोष फार छळतो. जुन्या रास्पबेरी पायमध्ये घड्याळाची बॅटरी नसते, आणि पाय ५ मध्येही ती वेगळी लावावी लागते. ड्रोनची बॅटरी ओढून काढली की पुढच्या वेळी घड्याळ जुन्या वेळेवर जागं होतं. वायरगार्ड मागच्यापेक्षा जुना वेळेचा शिक्का असलेली हाक पुनरावृत्ती समजून टाकून देतो, तीही कसलीच चूक न दाखवता. घड्याळ इंटरनेटवरून जुळतं तेव्हा हे सुटतं. पण सगळी रहदारी टनेलमधूनच पाठवायची सेटिंग असेल तर घड्याळ टनेलची वाट पाहतं आणि टनेल घड्याळाची. टनेलमधून फक्त त्याच्या आतल्या पत्त्यांची रहदारी जाऊ द्या, आणि उड्डाणानंतर रास्पबेरी पाय रीतसर बंद करा.

सहावी पायरी: मॅव्हलिंक

टनेलमधून पिंग येतोय आणि मिशन प्लॅनरमध्ये (लॅपटॉपवरचं ग्राउंड स्टेशन सॉफ्टवेअर) काही नाही, तर आता नेटवर्क सोडून द्या. टेलेम-२ चा टीएक्स समोरच्या आरएक्सला गेलाय का, ग्राउंड जोडलंय का, दोन्हीकडे बॉड रेट (सीरियल जोडणीचा वेग) एकच आहे का, रास्पबेरी पायचा सीरियल कन्सोल बंद केलाय का. पिक्सहॉकवरच्या आर्डुपायलट या सॉफ्टवेअरमध्ये त्या पोर्टचा प्रोटोकॉल २ हवा. लॅपटॉपच्या फायरवॉलमध्ये यूडीपी १४५५० मोकळा हवा. सेकंदाला एक हार्टबीट (‘मी चालू आहे’ असा ड्रोनचा संदेश) दिसला की ही पायरी संपली.

जमिनीवर ठीक, वर गेलं की तुटतं

इथे सिग्नलच्या काड्या फसवतात. आरएसआरपी म्हणजे सिग्नलची ताकद: उणे ९० डीबीएमच्या आसपास चांगली, उणे ११० च्या खाली अवघड. एसआयएनआर म्हणजे गोंगाटातून सिग्नल किती स्पष्ट वेगळा कळतो ते. ड्रोन शंभर मीटर वर गेला की आरएसआरपी अनेकदा सुधारतो आणि एसआयएनआर पडतो. आठवडी बाजारात माळवदावर चढलं की सगळ्यांचा आवाज येतो पण एकाचंही बोलणं कळत नाही, तसं होतं: खालून एक टॉवर दिसत होता, वरून आजूबाजूच्या गावांचे सगळेच दिसतात. शिवाय टॉवरच्या अँटेना जमिनीकडे झुकलेल्या असतात. मोडेम या टॉवरवरून त्या टॉवरवर उड्या मारतो आणि दर उडीला थोडा खंड पडतो. दोन्ही आकडे उंचीसह लॉग करा. एसआयएनआर ० च्या खाली जात असेल तर उंची कमी करा, किंवा मोडेम एकाच बँडवर बांधून पाहा.

अँटेना दोन असतील तर दोन्ही लावा, एकमेकींशी काटकोनात, कार्बन फायबरच्या बाहेर आणि जीपीएसपासून दूर. डोंगल यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टात असेल तर काळ्यात घाला. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या रिमोटला त्रास देतो. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे उन्हात ठेवलेलं डोंगल हात लावू देत नाही. ते बंद डब्यात कोंडू नका, प्रॉपेलरचा वारा लागेल असं बसवा.

उडवण्याआधी

४जी हा एकमेव धागा ठेवू नका. रिमोटची जोडणी वेगळी चालू हवी, ड्रोन नजरेत हवा, आणि ड्रोन नियम २०२१ नुसार हरित क्षेत्रातही ४०० फुटांच्या वर जायला परवानगी लागते. चिकलठाणा, नांदेड, लातूर विमानतळांच्या परिसरात डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा आधी पाहा.

आर्डुकॉप्टरमध्ये (आर्डुपायलटचं कॉप्टरसाठीचं रूप) ग्राउंड स्टेशनचा फेलसेफ, म्हणजे जोडणी तुटली की ड्रोनने आपोआप परतायची सोय, चालू करा. त्याची मुदत मुळात ५ सेकंद असते. टॉवर बदलताना पडणारे खंड लॉगमध्ये मोजून ती ठरवा. परतीची उंची शिवारातल्या सगळ्यात उंच झाडाच्या आणि विजेच्या तारांच्या वर हवी. मग प्रॉपेलर काढलेलेच असताना ग्राउंड स्टेशन जोडा, मोटारी आर्म (फिरायला मोकळ्या) करा, थ्रॉटल थोडा वर घ्या आणि मोडेमची वायर उपटा. रिमोटच्या टेलिमेट्रीवर किंवा नंतर लॉगमध्ये फेलसेफची नोंद दिसली पाहिजे. थ्रॉटल खाली असताना ड्रोन परत न फिरता मोटारीच बंद करतो. जमिनीवर तेही बरोबरच आहे. नोंदच आली नाही, तर त्या दिवशी उड्डाण करू नका.