तलाव-नदी वाचवायला निघालात? या चुका टाळा

मे महिन्यात सलग तीन रविवार आम्ही सोलापूरच्या कंबर तलावातली जलपर्णी ओढली. ढीग काठावरच लावले आणि समाधानाने घरी गेलो. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात ते ढीग पाण्यात सरकले आणि दिवाळीपर्यंत तलाव पुन्हा हिरवागार. जलपर्णी काठावर सडली की तिच्यातलं नत्र आणि स्फुरद, म्हणजे तिचंच खत, परत पाण्यात उतरतं. एखादा फुटवा जिवंत राहिला तरी त्यातून नवं रोप धरतं, आणि बी तर गाळात वर्षानुवर्षं टिकतं. म्हणून फुलं यायच्या आत काढा आणि त्याच दिवशी ट्रॉलीत भरून दूर न्या. तिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, उन्हात पसरली की चार दिवसांत ढीग बसतो.

पण नुसती जलपर्णी काढत बसणं ही त्याहून मोठी चूक. तिला खायला कोण घालतंय ते बघा. भर उन्हाळ्यात, महिनाभर पाऊस नसताना, तलावाला पायी एक फेरी मारा. ज्या नाल्याला तेव्हाही पाणी आहे, ते पाणी पावसाचं नाही, न्हाणी-संडासाचं आहे. त्या नाल्याची जागा, फोटो, तारीख लिहून महापालिकेकडे द्या. तो नाला वळवल्याशिवाय कितीही रविवार घातले तरी पुरणार नाहीत. उजनी धरणातही हेच चाललंय. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून धरणात येतं. आपण सोलापूरकर तेच पाणी शुद्ध करून पितो, हे मला अजूनही सहन होत नाही.

मासे तरंगले की 'कुणीतरी विष टाकलं' असं लगेच म्हणू नका. कधी तसं असतंही. पण पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील आणि ऊन चढल्यावर सावरत असतील, तर रात्री पाण्यातला प्राणवायू संपतोय. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री स्वतःच तो ओढतं. अशा पाण्यात श्रद्धेने टाकलेले चुरमुरे आणि पावही कुजून भरच घालतात.

सुशोभीकरणाच्या नावाखाली काठाला उभी काँक्रीटची भिंत नको. शेकाट्या, हळदी-कुंकू बदकं, उजनीचे रोहित (फ्लेमिंगो), हे पक्षी सगळे उथळ पाण्यात चरतात. उतरता काठ गेला की त्यांचं ताटच गेलं. 1871 साली बांधलेल्या हिप्परग्याच्या एकरुख तलावासारख्या जुन्या तलावातला गाळ जरूर काढावा, शेताला तो सोन्यासारखा. फक्त मुरूम लागला की थांबा. त्याखाली खणलं तर पाणी झिरपून जातं.

राहिली वाळू. भीमेच्या पात्रातली वाळू पुराचं पाणी धरून ठेवते आणि काठच्या विहिरींना उन्हाळ्यात हळूहळू देते. ती उपसली की विहिरी लवकर आटतात आणि पात्रात खड्डे राहतात. पंढरपुरात चंद्रभागेत गुडघाभर पाणी समजून उतरलेल्या वारकऱ्याचा पाय अशाच खड्ड्यात जातो. धरणांनी अडवलेला गाळही पुढे पोचत नाही, म्हणून भीमा ज्या कृष्णेला मिळते तिचा समुद्राकाठचा त्रिभुज प्रदेश झिजतो आहे. रात्री उपसा दिसला तर एकट्याने ट्रक अडवायला जाऊ नका. सकाळी तहसील कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.